दिवसा झोपणारी आई

आईची नाइट ड्यूटी असली की मी शाळेतून आल्यावर बूट जिन्यातच काढत असे. आमचं दार अर्ध्यावर आलं की करकरायचं, म्हणून ते कडीला धरून किंचित वर उचलायचं आणि मग आत ढकलायचं. ही युक्ती पप्पांनी मला शिकवली होती. बाहेर बारामतीचं भर दुपारचं ऊन असायचं आणि आतल्या खोलीत मिट्ट काळोख. खिडकीला जाड सोलापुरी चादर खिळ्यांनी ठोकलेली होती. त्या काळोखात, डोळ्यांवर ओढणीची घडी ठेवून, आई झोपलेली असे.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही एसटी स्टँडच्या मागच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायचो. आई दवाखान्यात नर्स होती. सरकारी नोकरी, मॉर्निंग, इव्हिनिंग आणि नाइट अशा तीन ड्यूट्या. माणसं कमी असल्यामुळे नाइट जरा जास्तच वाट्याला यायची. पप्पा कळंबच्या शाळेत शिक्षक. कळंब आमचं गाव, बारामती आणि इंदापूरच्या मधलं, तिथं आमची थोडी शेती होती आणि ती आबा, म्हणजे माझे आजोबा, बघायचे. आईच्या नोकरीमुळे आणि माझ्या शाळेमुळे आम्ही बारामतीत, आणि पप्पा रोज एसटीनं कळंबला ये-जा करणार, असं ठरलेलं होतं. नाइट संपवून आई घरी यायची तेव्हा पप्पा डबा घेऊन निघत असायचे. कित्येकदा त्यांची भेट जिन्यातच व्हायची. ती खालून वर, ते वरून खाली. तिथंच दोन मिनिटं उभं राहून दूध, गॅस, माझा अभ्यास, सगळं बोलून व्हायचं.

आई झोपली की घराला एक वेगळंच वळण लागायचं. कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी. भात पातेल्यात, झाकण टाकून. मला सागरगोटे खेळायचे असले तर गोधडीची चार पदरी घडी घालून त्यावर खेळायचे. नुसत्या फरशीवर त्यांचा आवाज होतो. रेडिओ मी कानाला चिकटवून ऐकायची. आणि हे सगळं मला कधी शिक्षेसारखं वाटलं नाही. उलट काहीतरी मोलाचं सांभाळायला आपल्याकडे दिलंय, असं वाटायचं. अजूनही दुपारी एखादं घर शांत असलं की मला आधी ती खोली आठवते, आणि मग आपोआप माझा आवाज खाली येतो.

खाली राहणाऱ्या काकूंचा यात मोठा वाटा होता. त्यांचे यजमान बँकेत होते. काकू आईला कायम 'सिस्टर' म्हणायच्या, नावानं कधीच नाही. सकाळी आई जिना चढताना दिसली की त्या विचारायच्या, "सिस्टर, आज झोपायचंय ना? मग चटणीचं मी संध्याकाळी बघते." त्यांचा मिक्सर जुना होता आणि तो लावला की आमच्या फरशीला मुंग्या येत. भंगारवाला गल्लीत शिरला की काकू गॅलरीतून नुसता हात हलवून त्याला पुढं पाठवत. एकदा लग्नसराईत बँडवाले सरावाला आमच्याच गल्लीत उभे राहिले, तेव्हा काकू पदर खोचून खाली गेल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यातल्या कुणाची बायको बाळंत व्हायची असेल ना, तर वर झोपलेल्या बाईलाच रात्री उठून बघायचंय. वाजवा आता." बँडवाले मुकाट्यानं कोपऱ्यापलीकडं गेले.

ते खरंच होतं. आई लेबर रूमला होती आणि त्या कामात तिचा हात चांगला होता. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाया "त्याच सिस्टर आहेत ना?" असं विचारत यायच्या. एखादं अवघड बाळंतपण सुखरूप पार पडलं की आई घरी येताना जिना नेहमीपेक्षा भराभर चढायची. मला तिच्या पावलांवरून कळायचं.

पण एवढं सगळं करूनही तिची झोप पुरी व्हायची नाही. दिवसाची झोप मुळातच कच्ची. त्यात दारावर कुणी ना कुणी येणारच. "सिस्टर आहेत का? एवढं इंजेक्शन द्यायचं होतं." कुणाचं बाळ रडायचं थांबत नाही, कुणाला बीपी बघायचंय. मी दारातच सांगायची, आई झोपलीये. तोवर आतून आवाज यायचा, "कोण आहे गं?" आणि ती केस बांधत बाहेर यायची. एकदा उठली की तिला परत झोप लागत नसे. मग ती स्वयंपाकघरात पाटावर बसून डबे उघडायची. शेव, फरसाण, बिस्किटं, चहात साखर दोन चमचे.

"जेव ना, भाकरी केलेली आहे," मी म्हणायची.

"भाकरी नको वाटते बघ. झोप झाली नाही की अशी भूक लागते, काहीतरी गोड नाहीतर तळलेलंच पाहिजे. आणि खाल्लं तरी भागत नाही."

हे ती अगदी सहज बोलायची, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्यात काही दडलेलं असेल असं तिला वाटलं नाही, आम्हालाही नाही.

आई मूळची सडसडीत. नर्सिंगला असताना कबड्डीच्या संघात होती. लग्नातल्या फोटोत पांढऱ्या साडीत पप्पांच्या शेजारी उभी आहे, ती त्यांच्याहून उंच आणि काटक दिसते. पण माझ्या आठवणीतली आई हळूहळू भरत गेलेली आई आहे. तिच्या ब्लाउजांवरून मला ते कळत गेलं. ती शिंप्याला दर वेळी सांगायची, शिलाईच्या आत कापडाची माया जास्त सोडा. मग वर्षभरानं एक शिलाई उसवायची, पुढच्या वर्षी दुसरी. शिलाई उसवायचं काम माझ्याकडे असे, ब्लेडनं, अलगद. एके दिवशी मी ब्लाउज उलटा करून पाहिला तर उसवायला काही उरलंच नव्हतं. "आई, माया संपली," मी म्हणाले. ती हसली आणि म्हणाली, "चला, आता नवीन शिवायला हरकत नाही." पण नंतर बराच वेळ ती आरशासमोर उभी होती.

त्याच उन्हाळ्यात कळंबला चुलतभावाचं लग्न होतं. बुद्धवंदना झाली, जेवणाच्या पंगती बसल्या. आई वाढायला उठली तेव्हा माझी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वैनी, तुमाला दवाखाना लईच मानवला की! काय खाऊ घालत्यात तितं?" बाया हसल्या. आईही हसली आणि पुढच्या ताटात भात वाढला. आत्या मनानं वाईट नव्हती, तिला गंमत करायची सवय होती. पण परतीच्या एसटीत आई खिडकीबाहेर बघत राहिली, पप्पांनी दोनदा काही विचारलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जेवण निम्म्यावर आणलं. सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी अर्धी भाकरी, रात्री उकडलेला दुधी. इव्हिनिंग नसली की ती पदर खोचून कालव्याच्या कडेनं लांब चालून यायची, बरोबर मीही. चालताना ती शाळेतल्या कविता म्हणून घ्यायची माझ्याकडून, म्हणजे दम लागला तरी तिला बोलावं लागू नये. आठवड्यातून दोन दिवस तर ती जेवतच नसे. आमच्या घरात दीक्षा घेतल्यापासून उपासतापास नव्हते, ते सगळं आबांनी स्वतः बंद केलं होतं. ते एकदा बाजारच्या दिवशी बारामतीला आले, आणि आई जेवायला बसत नाही म्हटल्यावर त्यांनी ताटावरून मान वर केली.

"ह्यो कुठल्या देवाचा उपास म्हनायचा?"

"देवाचा नाही आबा," आई म्हणाली, "वजनाचा."

त्या दिवशी आबांनी दुसरी भाकरी घेतली नाही.

एसटी स्टँडवर वजनाचं यंत्र होतं. नाणं टाकलं की लाल-पिवळे दिवे फिरायचे, चकती गरगरायची आणि खालून तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. मला भविष्याचं आकर्षण, आईला वजनाचं भय. इतके महिने अर्धपोटी राहूनही वजन खाली येईना. एकदा तर वाढलंच. ती तिकिटाकडे बघत म्हणाली, "यंत्र बिघडलेलं असेल." मी मागची बाजू वाचली. प्रवासाचा योग आहे, असं लिहिलं होतं.

आणि मग पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, एका सकाळी नाइटवरून येताना तिला जिन्यातच चक्कर आली. काकूंनी धरली, पायरीवर बसवली, साखरपाणी द्यायला त्या आत धावल्या. आई तशा अवस्थेतही म्हणाली, "साखर नको काकू, आधी तपासू द्या." तिला कुठंतरी शंका आलेली असावी. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. अजून फार नाही, पण या वयात असायला नको इतकी.

तिच्याच दवाखान्यातल्या एका वयस्क डॉक्टरबाईंनी आईला पप्पांसह बोलावलं. मला सुट्टी होती म्हणून मीही गेले, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. डॉक्टरबाई स्वतः चांगल्याच स्थूल होत्या, आणि त्यांच्या टेबलावरच्या चहाच्या कपात माशी पडली तरी त्यांना कळणार नाही इतक्या मन लावून त्या ऐकत.

"काय काय खाता?" त्यांनी विचारलं.

आईनं सगळं सांगितलं. अर्धी भाकरी, दुधी, लिंबूपाणी. सांगताना तिचा आवाज आरोपीसारखा झाला होता.

"हे तुम्ही सांगणार ते मला ठाऊक होतं. आता झोपता किती ते सांगा."

"झोपते की. दिवसा."

"सलग?"

पप्पा म्हणाले, "बाई, जेमतेम तीन-चार तास. त्यातही दारावर माणसं."

"आणि नाइट नसते तेव्हा?"

"तेव्हा रात्री झोप येत नाही," आई म्हणाली. "डोळे उघडेच. मग पहाटे लागते, तोवर मॉर्निंगची वेळ होते."

डॉक्टरबाईंनी कप बाजूला सरकवला. "हे बघा सिस्टर, शरीराला दिवस-रात्र कळते. रात्री ते कामं आवरतं घेत असतं. त्या वेळी तुम्ही चहा घेता, बिस्किटं खाता, ती साखर रक्तातच रेंगाळत राहते. दिवसा तुम्ही झोपायला बघता तेव्हा ते जागं व्हायला बघतं. त्याला धड हे नाही, धड ते नाही. झोप अपुरी पडली की भूक वाढते, आणि ती पोटाची भूक नसते. वर तुम्ही उपाशी राहता. मग शरीर घाबरतं, मिळेल ते साठवून ठेवतं. पुस्तकांत यावर मी फार वाचलेलं नाही, पण नाइट करणाऱ्या बायकांत उभं आयुष्य हे बघत आलेय." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आरशातही बघतेय."

आई पहिल्यांदा हसली.

"गोळ्यांचं नंतर बघू. आधी महिनाभर रजा घ्या आणि रात्री झोपा. पोटभर जेवा, वेळेवर जेवा, पण झोपा."

"रजा? झोपायला?" आईला ते पटेचना. "अर्जात काय लिहू मी?"

"अर्जाला जोडायचं सर्टिफिकेट मी देते. त्यात झोप हा शब्द येणार नाही, काळजी करू नका."

घरी येताना आई चालता चालता एकदम थांबली. रस्त्यात, रसाच्या गाड्यापाशी. पप्पांना म्हणाली, "म्हणजे मी खादाड नाही."

पप्पा म्हणाले, "मी कधी म्हणालो होतो?"

"तुम्ही नाही. मीच म्हणत होते."

माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी कळंबला राहायला गेलो, पप्पा येऊन-जाऊन असायचे. आबांचं घर रानातच होतं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती, त्यामुळे आबांचा संसार एकट्याचा आणि शिस्तीचा. दिवस मावळायच्या सुमाराला जेवण, मग रेडिओवरच्या बातम्या, मग अंगणात बाज टाकून आडवं होणं. गावातली वीज तशीही कधी असायची, कधी नसायची, आणि नसली तरी आबांचं काही अडायचं नाही. त्यांना पप्पांनी सगळं सांगितलं होतं. आम्ही पोचलो त्याच दिवशी त्यांनी शेजारच्या वस्तीवर जाऊन बजावलं, "आमची सून आजारी न्हाय, पर तिला झोपायचं हाय. हाक मारायची न्हाय कुनी. सुई-इंजेक्शन बी न्हाय."

पहिले काही दिवस आई फार अस्वस्थ होती. अंधार पडला की तिचे डोळे टक्क उघडे व्हायचे, आणि दिवसा मात्र बसल्या जागी डुलक्या. आबा तिला दिवसा आडवं होऊ देत नसत. डुलकी आली की म्हणायचे, "चल पोरी, गुरांला पानी दावू." आणि तिला उन्हात घेऊन जायचे. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना दिवसा झोपलेलं माणूस बघवतच नसे, एवढंच.

"आबा, रात्री झोप येत नाही हो," ती एकदा अगदी रडवेली होऊन म्हणाली.

"न्हाय आली तर नुसती पडून ऱ्हा. भेगाळलेल्या रानाला पानी सोडलं तर लगीच मुरतं व्हय? दोन-चार पाळ्या जाव्या लागत्यात."

ती पडून राहू लागली. मी तिच्या शेजारच्या बाजेवर. आणि मग, नेमकं कधी ते मला सांगता येणार नाही, एका सकाळी मी उठले तर आई अजून झोपलेली होती. ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. तोंड किंचित उघडं, एक हात बाजेखाली लोंबकळलेला. मी तिला अशी झोपलेली कधी बघितली नव्हती. बारामतीतली तिची झोप म्हणजे कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं अशी, अंग आवळून घेतलेली. ही तशी नव्हती. आबा पडवीत चुलीपुढं बसले होते. त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं आणि कुजबुजले, "मुरलं बघ पानी."

त्यानंतर तिच्यात जे बदल होत गेले ते मी जवळून पाहिले. सकाळी उठल्या उठल्या तिला भूक लागायला लागली, साधी, भाकरीची भूक. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा, ती चवीनं खायची आणि मग दुपारपर्यंत तिला कशाची आठवण व्हायची नाही. एका संध्याकाळी मी भज्यांचा हट्ट धरला. तिनं रानातल्या कांद्याची भजी केली, मला आणि आबांना गरमगरम वाढली, आणि स्वतः कढईशेजारी नुसती बसून राहिली.

"तू घे ना," मी म्हणाले.

"नको." मग तिनं स्वतःकडेच बघितल्यासारखं केलं. "खरंच नको वाटतंय गं. मन मारत नाहीये मी. नकोच वाटतंय."

भज्यांना नाही म्हणताना कुणाला एवढा आनंद झालेला मी नंतर कधी पाहिला नाही.

आत्या आम्हाला भेटायला आली तोपर्यंत आईच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती, डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वैनी, कुठलं औषध चालू हाय?"

"झोपते," आई म्हणाली.

"ते न्हाय वो. औषध कुठलं ते सांगा, मलाबी पायजे."

आबा बाजेवरून म्हणाले, "सांगितलं की तिनं. तुला ऐकू येत न्हाय त्याला ती काय करनार?"

आत्यानं तोंड वाकडं केलं, पण मग आईच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "किती वाजता झोपता म्हनायचं?" आणि दोघी हसत सुटल्या. त्या दिवशी आत्या मुक्कामाला राहिली, जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवून गेली. लग्नातल्या बोलण्याचा विषय कुणीच काढला नाही, काढायची गरजही उरली नव्हती.

रजा संपवून आम्ही बारामतीला आलो. साखर उतरली होती, वजनही थोडं. डॉक्टरबाईंनी आईच्या खांद्यावर थोपटलं. पण ड्यूटी तीच होती. पावसाळा संपेपर्यंत नाइटचे आठवडे एकामागून एक आले आणि दिवाळीपर्यंत सगळं पुन्हा जिथल्या तिथं आलं. फरसाणाचा डबा, अर्धवट झोप, वाढलेली साखर. फरक एवढाच, की आता आई स्वतःला दोष देत नव्हती. आता तिला कारण माहीत होतं, आणि कारण माहीत झाल्यावर ती गप्प बसणारी बाई नव्हती.

ती मेट्रनकडे, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या मुख्य नर्सकडे, गेली. मेट्रन कडक पण मायाळू. त्या म्हणाल्या, "अगं, लेबर रूमला तुझ्यासारखा हात मी कुठून आणू? आणि इथं राहिलीस तर नाइट टळणार नाही. माणसंच नाहीत माझ्याकडे." इंदापूरच्या लहान दवाखान्यात एक जागा रिकामी होती. बाह्यरुग्ण विभाग आणि लसीकरण, काम बहुतेक दिवसाचं. पण तिथं बाळंतपणं तिच्या हातात राहणार नव्हती.

घरी त्यावर बरेच दिवस बोलणं चाललं. पप्पांना माझी काळजी होती. मी आठवीत होते, शाळा चांगली होती.

"पोरीची शाळा?" ते म्हणाले.

"पोरीला इंदापुरात शाळा मिळेल," आई म्हणाली. "मला इथं झोप मिळणार नाही."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मला मैत्रिणी सोडवत नव्हत्या, पण पायांवर ऊन आलेलं असताना झोपलेली आई मी कळंबला पाहिली होती. मी म्हणाले, "जाऊ या." पप्पांनी दुसऱ्याच दिवशी आईचा विनंती बदलीचा अर्ज लिहून दिला. अक्षर त्यांचं चांगलं होतं.

निघायच्या दिवशी लेबर रूममधल्या सगळ्याजणी आमच्या घरी आल्या. आई त्यांच्याशी हसत बोलली, आणि त्या गेल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडली. ते काम तिला मनापासून आवडायचं. झोपेसाठी तिनं काय सोडलं, हे त्या वेळी मला अर्धंच कळलं. पुढं कुणाच्या घरी बाळ झाल्याचं ऐकलं की ती बारीकसारीक चौकशी करायची, किती वेळ लागला, बाळ लगेच रडलं का, आणि ऐकताना तिचे हात मांडीवर हलायचे, तेव्हा उरलेलं अर्धं कळलं. काकूंनी सामान टेम्पोत चढताना पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "सिस्टर, आता दुपारी मिक्सर लावला तरी मला गोड लागायचा नाही." मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

इंदापूरचं घर बैठं होतं, मागं लिंबाचं झाड. आई दिवसा कामावर जायची, संध्याकाळी परत यायची, आम्ही तिघं एकत्र जेवायचो. इतर घरांत रोजच घडत असलेली ही गोष्ट आम्हाला सणासारखी वाटायची. पप्पा आता उलट्या बाजूनं कळंबला जायचे, आणि जिन्यात भेटायची वेळ त्यांच्यावर येत नसे, कारण जिनाच नव्हता. वर्षभरात आईचं वजन बरंच उतरलं. लग्नातल्या फोटोइतकं नाही, तेवढं ते कधीच झालं नाही, आणि तिनंही त्याचा ध्यास धरला नाही. साखर अनेक वर्षं गोळ्यांवाचून आटोक्यात राहिली. पन्नाशीनंतर गोळ्या लागल्याच. पण ती म्हणायची, मधली वर्षं माझी मी मिळवली.

आता यावर पुष्कळ लिहून येतं. झोप अपुरी झाली की भूक वाढवणारं संप्रेरक रक्तात वाढतं आणि जेवण पुरे झाल्याची खबर देणारं कमी होतं. इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. गोड आणि तळलेल्याची ओढ वाढते. रात्री खाल्लेलं अन्न दिवसा खाल्ल्यासारखं पचत नाही. हे सगळं मी वाचते तेव्हा मला डॉक्टरबाई आठवतात, आणि पाटावर बसून बिस्किटांचा डबा उघडणारी, स्वतःवरच चिडलेली माझी आई. तिच्यासारख्या किती बायकांना लोकांनी हसून घेतलं असेल आणि त्यांनी निमूटपणे ताटातली भाकरी कमी केली असेल.

इंदापूरला आल्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी पप्पा आम्हाला भिगवणला घेऊन गेले. उजनी धरणाच्या पाण्याकाठी मासळी ताजी मिळायची आणि हायवेवरच्या एका साध्या हॉटेलात ती झणझणीत करून द्यायचे. लाकडी बाकावर आम्ही तिघं बसलो. आईनं मासा, भाकरी, रस्सा असं सावकाश, काटे काढत, गप्पा मारत खाल्लं. घास मोजत नव्हती. हॉटेलवाल्यानं टोपलीतून भाकरी पुढं केली, "घ्या की ताई, आजून एक."

"नको दादा," ती म्हणाली, "पोट भरलं."

पप्पांनी हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघितलं. ती मात्र पाणी पीत बाहेर बघत होती, तिथं पाण्यावरून पांढऱ्या पक्ष्यांचा मोठा थवा उठला होता. आम्ही हात धुतले, काठापर्यंत चालत गेलो, थोडा वेळ उन्हात उभे राहिलो आणि दिवस असतानाच इंदापूरची गाडी पकडली.